रुखमाबाईंचा निळ्या

तांडापेठेत रुखमाबाई धकाते यांना विचारा, दिपाली कोण? त्या आजही सांगतील, "आमचा राघू नेणारी." खोटं नाही. अडकलेली, कोंडलेली पाखरं सोडवायचं काम मी करते. त्यांच्या ओसरीवरचा देशी पोपट मीच वन विभागाच्या हवाली करायला लावला. देशी पोपट पाळणं गुन्हा आहे, मग तो बंगल्यात असो की खोलीत. त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

बाई कोष्ट्याच्या घरच्या. नवऱ्यासोबत हातमागावर आयुष्य काढलं. तो गेला, माग विकला, आता साड्यांना फॉल लावतात. एकुलती एक मुलगी हर्षा कामठीला दिलेली. घरात बोलायला कोणी नाही. राघू गेल्यावर त्यांनी सदरच्या दुकानातून एक निळा पक्षी आणला आणि मुद्दाम मला बोलावून दाखवला.

"ह्याले त चालते ना वं तुझा कायदा?"

चालत होता. ती बजरी होती, परदेशी जातीचा लहानसा पोपट. दुकानदार लव्हबर्ड म्हणून खपवतात. बाईंनी नाव ठेवलं निळ्या.

पण वागवायला गेल्या राघूसारखंच. हिरवी मिरची दिली, पेरूची फोड दिली, तो ढुंकून पाहीना. मी राळ्याचे बारीक दाणे आणायला लावले, ते खाल्ले. मग हाताचं भांडण. बाई वरून हात घालायच्या आणि निळ्या पिंजराभर आपटत सुटायचा.

"राघू नव्हता असा करत."

"राघूले तुम्ही पिल्लापासून वाढवलं, मावशी. ह्याले वरून हात आला का घार आली वाटते. खालून न्या, हलवू नका."

"मंग दिवसभर बसून राहू? फॉल कोण लावीन, तू?"

तरी बसल्या. काम उरकलं की तळहातावर राळा घेऊन पिंजऱ्याच्या दारात हात ठेवायच्या. दिवाळीच्या सुमारास फोन आला. "बसला बोटावर. आठही नखं लागून राहिली." हे त्यांनी अख्ख्या मोहल्ल्याला सांगितलं.

मग थंडी पडली. कोष्ट्याच्या घरात मागावरच्या उरलेल्या सुताच्या दश्या कोणी फेकत नाही. हर्षाच्या पाळण्यातसुद्धा दश्यांचीच गादी होती. बाईंनी तशीच गादी पिंजऱ्यात घातली. मला विचारलं नाही.

एका रविवारी सकाळी फोन. "पोरी, ये. शिव्या मंग देजो."

निळ्या गादीतच अडकून फडफडत होता. सूत पायाच्या एका बोटाला आवळलेलं, बोट काळं, पाय सुजलेला. पाखरांचे डॉक्टर उमरेडला गेलेले. फोनवर म्हणाले, सूत आत्ताच काढा, नाहीतर पाय जाईल.

शिव्या मी आधीच देऊन टाकल्या. "काहून घातलं सूत?"

"थंड वाजत होतं त्याले." एवढंच बोलल्या.

मी निळ्याला रुमालात धरलं, छाती न दाबता. छाती दाबली तर पक्ष्याला श्वासच घेता येत नाही. त्यानं चावून माझं बोट फोडलं. बाईंनी चष्मा चढवला, फॉल उसवायचं ब्लेड घेतलं.

"ओढू नका, मावशी."

"सूत ओढू नाही हे मले शिकवतं का? तू आपला हात हलवू नको."

एकेक पदर कापत गेल्या. शेवटचा कातडीत रुतला होता. तो कापताना निळ्या ओरडला, रक्ताचा थेंब आला. बाईंनी ब्लेड न सोडता तोही पदर कापून काढला.

पाय वाचला. काळं बोट गळेल, असं डॉक्टरांनी संध्याकाळी पाहून सांगितलं. ते गळलं. पण निळ्या जो मागच्या कोपऱ्यात जाऊन बसला, तो बाईंचा हात दिसला की आपटायलाच लागायचा.

"एक तू नेला, एक म्याच हाकलला," त्या म्हणाल्या. "आता हा कायले येते माया हाताले?"

गादी त्यांनी काढून टाकली होती. पदराच्या दश्याही नकोत म्हणून पदर कमरेला घट्ट खोचला आणि राळा घेऊन पुन्हा पिंजऱ्याच्या दाराशी बसल्या. हात खालून.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले तेव्हा तशाच बसलेल्या. बोलू नको, असं डोळ्यांनीच सांगितलं. निळ्या खाली उतरला. एक दाणा टिपला, कोपऱ्यात परत गेला, पुन्हा आला आणि बोटावर चढला. बाई बराच वेळ हलल्या नाहीत.

"सात लागून राहिली," मग हळूच म्हणाल्या.