गिधाडांच्या माळावर मी केलेली साफसफाई

आता हसणारच आहात, तर आधी हातातला चहा संपवा. उगाच नाकातून यायचा!

हरिहरेश्वरच्या वाटेवर माझं छोटंसं रिसॉर्ट आहे. आमच्या गावामागच्या माळावर गिधाडं येतात. म्हणून गावानं ठरवलेलं, मेलेलं ढोर पुरायचं नाही, माळावर नेऊन ठेवायचं. पण ते वर चढवणार कोण? न्हावा शेव्याची एक कंटेनरवाली कंपनी गाडी द्यायला तयार होती. फक्त साहेब आधी गिधाडं बघणार, मग सही करणार. गाडी हुकली की लोक कंटाळून परत पुरायला लागणार, गिधाडं उपाशी.

हे सगळं मला नंतर कळलं बरं का! बैठकीत मी होतो, पण फोनवर बुकिंग घेत होतो. कानावर आलं ते एवढंच, पाहुणे येणार, व्यवस्था शेठकडे. शेठ म्हणजे मी.

सकाळी माळावर गेलो, तर पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवासमोरच राघोकाकांचा म्हातारा बैल मरून पडलेला! म्हटलं, बिचारा चरता चरता गेला. गिधाडं काय खातात हे मला ठाऊक नाही का? आहे हो! पण पाहुणा येणार म्हटलं की हॉटेलवाल्याचं डोकं फिनेलच्या पुढे चालत नाही.

लगेच जेसीबी बोलावला. बैल पुरला. शेतकऱ्याचा मुलगा मी, नुसता कसा पुरणार? हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, उदबत्ती लावली. वर मांडवात सुगंधी फवारासुद्धा मारला! स्वतःवरच खूश होतो मी.

साहेब आले. सरपंच सुनंदाताईंनी चौफेर नजर फिरवली.

"शेठ, बैल कुठं हाय?"

"काळजीच नको! व्यवस्थित पुरला."

"पुरला?" ताई मटकन खाली बसल्या. "अरे मेल्या, अख्ख्या गावानं वढत वर आणला त्याला! गिधाडांचं जेवण व्हतं ते!"

तेवढ्यात गिधाडं उतरली आणि ताज्या मातीभोवती माना खाली घालून बसली.

"ही काय करतायत?" साहेबांनी दुर्बीण लावून विचारलं.

"दहाव्याला आल्यात," राघोकाका म्हणाले.

मग काय! परत जेसीबी. सकाळी हात जोडून पुरलेला बैल दुपारी इस्त्रीच्या शर्टात उभं राहून मीच उकरून घेतला. आवाजानं गिधाडं उडाली ती उडालीच. ताई माझ्याशी बोलेनात. पण साहेब हट्टी निघाले. झुडपाआड बसून राहिले. उन्हं उतरताना गिधाडं परतली, तुटून पडली, आणि साहेबांनी तिथंच सही केली. माझा जीव भांड्यात पडला!

गाडी आली, छान चाललंय. आता गावात ढोर मेलं की गाडीवाल्याला फोन नंतर जातो. पहिला माझ्या बायकोला.

"वहिनी, शेठ घरातच हायत ना? मग भायेरनं कडी घाला."