दिव्याचे सेल आणि मामाचा भोंगा

रात्री डोंगरात सायकल चालवायची तर दिवा कोणता घ्यावा, यावर माझं आणि माझ्या मित्राचं कधीच जमलं नाही. मित्राचं बुलढाण्यात मेडिकल स्टोअर आहे. त्याला सुटसुटीत वस्तू आवडतात, म्हणून बॅटरी आतच बंद असलेला, मोबाइलसारखा वायर लावून चार्ज करायचा दिवा तो वापरतो. मी सेल बदलता येणाऱ्या दिव्याचा माणूस. आत कोंडलेली बॅटरी संपली की तो दिवा म्हणजे हँडलला बांधलेला दगड. सेलवाल्याचं झाकण फिरवायचं, जुना सेल काढायचा, नवा घालायचा आणि निघायचं. "तू सायकलीवर कमी आन् सेलवर जास्त जीव लावतं," असं मित्र म्हणतो. लावतो. माझा स्वभावच संशयी आहे, आणि अंधाराच्या बाबतीत संशयी माणूस घरी परत येतो.

हे सेल म्हणजे बोटाएवढे लांब आणि अंगठ्याएवढे जाड लिथियमचे. लॅपटॉपमध्ये तेच, पॉवर बँकेत तेच, शेतकऱ्याच्या डोक्यावरच्या बॅटरीत तेच. बाजारात त्यांच्यावर वाटेल तो आकडा छापून विकतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी तर विकत घेण्याआधी मित्राच्या दुकानात वजन करून बघतो. हलका सेल आतून पोकळ निघतो, हे मी पैसे घालवून शिकलो आहे. दिव्यांचंही तसंच. हँडलवर पसरट, पिवळसर उजेडाचा हवा. हेल्मेटवर अरुंद झोताचा. फक्त हेल्मेटचा लावला तर उजेड डोळ्यांच्या रेषेतून जातो, सावल्या दिसत नाहीत आणि खड्डासुद्धा सपाट जमीन वाटतो. हँडलचा दिवा खालून येतो, दगडाला सावली देतो, म्हणून दगड कळतो. अंधारात आपल्याला सांभाळतात त्या सावल्या, आणि घाबरवतात त्याही सावल्याच.

आता मामाचं सांगतो. मामा पावसाळ्याच्या शेवटी गेला. दवाखान्यात, भर दिवसा, माझ्यासमोर गेला. त्याचं वावर पठाराच्या कडेला, जिथून जंगल खाली उतरतं तिथे आहे. रानडुकरांचा एवढा त्रास की हरभरा वर आला की रात्रभर कुणी ना कुणी ओरडायलाच हवं. म्हणून आदल्या हिवाळ्यात त्याने भोंगा आणला होता. आमच्याकडे आता वावरावावरात असतो तसाच, प्लास्टिकचा. बटण दाबून आपलाच आवाज भरायचा, आणि मशीन तो थांबून थांबून रात्रभर वाजवतं.

मामाने आवाज भरला तो संध्याकाळी, घराच्या अंगणात. "हेऽऽ हाड! हाऽऽड! कोन हाय बे थो? निंघ तिकून!" एवढं झाल्यावर बटण सोडायचं, तर तो विसरला. मग लांबून मामीचा आवाज येतो, "भाकर निवून राह्यली, या न आता!" आणि तोंड वळवून मामा म्हणतो, "आलोच." तिथे आवाज संपतो, आणि थोड्या वेळाने पहिल्यापासून सुरू होतो. त्या हिवाळ्यात सगळा गाव हसला. डुकरांना शिव्या अन् वर जेवणाचं आवतण, म्हणायचे. मामाही हसायचा, पण त्याने दुसऱ्यांदा भरला नाही.

तो गेल्यावर पेरणी झाली, आणि मामीने भोंगा लावला. मग मात्र कुणी हसेना. शेजारच्या वावरातला शेतकरी रात्री पाणी द्यायला यायचा बंद झाला. थ्री फेज लाइट बहुतेक रात्रीचीच येते, तरी तो पिकाला दिवसाच्या लाइटीची वाट बघायला लावू लागला. "गेलेल्या मानसाले असं बोलवत राहू नये, जीव वावरातच घोटायते," असं तो मला गावात भेटल्यावर म्हणाला. मी वरवर हसलो. मामी तर त्याहून वेगळंच करत होती. ती संध्याकाळ झाली की गोधडी घेऊन वावरातल्या राखणीच्या माळ्याखाली जाऊन बसायची आणि झुंजूमुंजू झाल्यावर घरी यायची. जंगल इतकं जवळ, अस्वलं फिरतात, आणि ही एकटी.

एकदा मी चिडून विचारलं, "भोंगा वाजतो ना? मग तू काऊन बसतं तिथं?"

"आन् बंद पडला तं?" ती म्हणाली.

तिची भीती खरी होती. गावात दुसऱ्या एकाचा असाच भोंगा होता. त्याचे सेल बदलले आणि मशीन भरलेला आवाज पार विसरलं. मामाच्या भोंग्याची चार्जिंगची पिन तुटलेली. सेल कधी ना कधी बदलावेच लागणार होते, आणि बदलले तर मामाचा आवाज जाणार. दुसरीकडे कुठेही त्याचा आवाज नव्हता. फोटो होते, पण फोटोतला माणूस भाकरीला "आलोच" म्हणत नाही.

एका संध्याकाळी मी आणि मित्र दिवे लावून निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात मामीचा फोन आला. "तुह्यापाशी ते सेल रायते न रे बापा? आवाज जड झाला. त्यायच्यासारखा वाटत नाई आता." मागे भोंगा ऐकू येत होता. मी फोनवर जे ऐकलं त्याने माझ्या अंगावर काटा आला, हे मी मित्राला सांगितलं नाही. सडकेने गाव लांब पडतं, पांदणीने जवळ. आम्ही पांदण धरली.

पांदण म्हणजे दोन्हीकडे वावरं आणि मधून बैलगाडीच्या चाकोऱ्या. थंडी पडायला लागली होती. तूर उभी होती, डोक्याच्याही वर. हँडलचा दिवा खालून तिच्यावर पडला की प्रत्येक झाडाची सावली उठून आमच्याबरोबर पळायची आणि मागे गेली की आडवी व्हायची. जमिनीवर हिरव्या ठिणग्या चमकत होत्या. ते कोळ्यांचे डोळे. पुढे एका वळणावर उंच, शांत डोळ्यांची जोडी आली, ती रोह्याची, म्हणजे नीलगाईची. डुकरांना भिववायला कुणी वावरात लुकलुकणारे सोलर दिवे लावले होते. लाल, निळे, लाल, निळे, आणि माणूस एकही नाही. मित्र नेहमी बडबडतो. त्या दिवशी त्याने तोंडावरचा मास्क वर ओढला आणि माझ्या चाकाला चाक लावून चालला.

वारा आमच्याकडे येत होता. वावर अजून दिसतही नव्हतं. आधी काहीच नाही, आणि मग अंधारातून, अगदी हलकं, नुसतं एवढंच आलं:

"आ... लोऽऽ... च."

मित्राने दोन्ही ब्रेक दाबले. मी त्याला भोंग्याचं सगळं सांगून आणलं होतं, तरी दाबले. मलाही पेडल मारवेना. माझ्या हाताने ज्याच्या तोंडात पाणी घातलं, तो माणूस समोरच्या काळोखात जाड, झोपाळलेल्या आवाजात येतो म्हणत होता. भोंगा आहे, प्लास्टिक आहे, सेल उतरले की चिप हळू चालते, हे मला पाठ होतं. पाठ असून उपयोग झाला नाही, उरलेली पांदण आम्ही सायकली ढकलत गेलो.

मामी माळ्याखाली बसली होती. भोंगा खांबाला बांधलेला. तिने डोळ्यांवर हात धरला, म्हणून आम्ही दिवे खाली केले. मित्राने आल्या आल्या शहाणपणाची गोष्ट केली. "आधी मोबाइलमदी घेऊन ठेव बे." त्याने स्वतःच मोबाइल भोंग्याच्या तोंडाशी धरला. एक पूर्ण फेरी घेतली. ओढलेला, जड, मामाहून वीस वर्षं म्हाताऱ्या माणसाचा आवाज, पण होता. "हे तं राह्यलं काकू," मित्र म्हणाला. मामीने मान हलवली. "हा त्यायचा नोय," ती म्हणाली. "नवे सेल घातल्यावर येईन न रे खरा? मशीन इसरलं नाई तं?"

मी झाकण उघडलं. आत दोन सेल शेजारी शेजारी, एकाच पट्टीला समांतर जोडलेले. बघून मला हुरूप आला, कारण असे असले तर एक काढला तरी दुसऱ्यावर मशीन चालू राहतं. एक काढायचा, नवा घालायचा, मग दुसरा. मशीनला पत्ताही लागत नाही. नवे सेल मी हँडलच्या दिव्यातून काढले. घरून भरून आणलेले तेच होते. उजेडाला मित्राचा दिवा होता. मी मामीला म्हटलं, "काही होत नाही. मामा इथून हलत नाही." असं बोलायला नको होतं, पण मी खुशीत होतो.

डावा सेल काढला आणि भोंगा थांबला. "कोन हाय बे" एवढं झालं होतं. पुढचं आलं नाही.

उजवा सेल कधीचाच मेलेला होता. सगळा आवाज डाव्यावर चालला होता, आणि मी नेमका तोच उपटला. घाईघाईने दोन्ही नवे घातले, बटण दाबलं. भोंग्याने टक् असा आवाज केला, लाल दिवा लागला, आणि त्यातून नुसती हवा वाजावी तशी खरखर आली. परत दाबलं. खरखर. मशीन विसरलं होतं.

"गेला?" मामीने विचारलं.

मी आणखी एकदा बटण दाबलं. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. कारण भोंगा थांबल्यावर पहिल्यांदा कळलं की आजूबाजूला किती शांतता होती. मग ती मोडली. खालच्या अंगाला, हरभऱ्याच्या कडेची तूर हलली. वारा तर केव्हाच पडला होता. एका ठिकाणी हलली, मग दुसऱ्या, मग आमच्या मागे. काहीतरी जड, सावकाश, पाय उचलून टाकत वावरात शिरत होतं. मित्राने दिवा तिकडे वळवला. दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. आतली बॅटरी संपली होती. एरवी मी त्याला वर्षभर ऐकवलं असतं. तेव्हा मला फक्त हेल्मेटवरच्या झोताचं बटण सापडत नव्हतं.

अंधारात मामी बोलली, आणि तिचा आवाज आमच्या तिघांत सगळ्यात स्थिर होता. "तुह्या मोबाइलमदला भर यच्यात. लौकर. हरभरा खातेत."

मी चाचपडत भरायचं बटण दाबून धरलं. मित्राने मोबाइल भोंग्याला टेकवला. तो जड आवाज पुन्हा उठला, आमच्या तोंडाशी, इतक्या जवळ की मी मान मागे घेतली. हाऽऽड. कोन हाय बे थो. निंघ तिकून. मग ती, वर्षापूर्वीची मामी, अंगणातून, भाकर निवून राह्यली, या न आता. मग तो. आ... लोऽऽ... च.

मी बटण सोडणार, एवढ्यात शेजारून मामी म्हणाली, अगदी घरातल्या घरात बोलावं तसं:

"नका येऊ आता तुमी. मी हाये येथं."

मग मी बटण सोडलं. हेल्मेटचा दिवा लागला तेव्हा मित्राच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते पुसतही नव्हता. भोंगा आपोआप सुरू झाला. वावरभर मामा ओरडला, तूर धडाधड मोडली आणि जे काही आत आलं होतं ते जंगलाकडे पळालं. मग मामीची हाक. मग "आलोच". आणि त्याच्यामागे, नव्या सेलच्या जोरावर मोठ्याने, "नका येऊ आता तुमी. मी हाये येथं."

"मामी, तुझं आलं त्याच्यात," मी म्हटलं. "मोबाइलमध्ये आहे अजून. पुन्हा भरू, तेवढं सोडून."

ती मान कलती करून एक फेरी ऐकत राहिली, मग आणखी एक.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यायलेबी समजू दे."

तिने गोधडीची घडी केली, काखेत मारली आणि दिव्याची वाट न बघता घराकडे चालायला लागली. आम्ही सायकली हातात धरून तिच्या मागून गेलो.