तुडतुड्याचा एकुलता एक नर

कणकुंबीच्या रानात मला तो तुडतुडा सापडला तेव्हा मी बेळगावला कॅम्पातल्या शाळेत मास्तर होतो. पानामागे बसून रस पिणारा, तांदळाच्या दाण्याएवढा किडा. बोट जवळ नेलं की तिरका चालत पानाआड व्हायचा. माझ्या पुस्तकांत त्याची जात कुठं मिळेना, म्हणून कीटकांच्या एका जाणकारांना पत्र लिहिलं. जात नवी दिसते, पण नराच्या पोटातली रचना तपासून लिहिल्याशिवाय काही ठरणार नाही, असं त्यांनी कळवलं. या किड्यांच्या जाती बाहेरून सारख्याच दिसतात, खरा फरक तिथंच असतो. माझ्याकडे माद्या सात आणि नर एकच.

डोकं पिवळं, पंखांवर तपकिरी पट्टा, इथवर वर्णन लिहून झालं होतं. नराचं पोट दसऱ्याच्या सुट्टीत उघडायचं ठरवलं.

सुट्टीत थोरली बहीण निपाणीहून आली. तिला मी आक्का म्हणायचो. खंडेनवमीला तिनं माझी पुस्तकं, भिंग आणि किड्यांची पेटीसुद्धा पूजेला मांडली. मास्तराची हत्यारं हीच, असं तिचं म्हणणं. वर हळदकुंकू, झेंडू आणि पुढ्यात गूळखोबरं. मी आंघोळ करून आलो तर मुंग्यांची रांग तिकडे निघालेली. वाळलेला किडा म्हणजे मुंग्यांना आयतं जेवण. पेटी उचलायला गेलो तर आक्कानं हात धरला.

"पुजलेलं दसऱ्याबिगर हालवायचं न्हाय. मुंग्या शिवत न्हाईत त्याला."

मला संताप आला. देव काय मुंग्या हाकायला बसलाय का, असंही बोलून गेलो. पण आईच्या माघारी तिनंच मला वाढवलेलं, त्यामुळं तिचा शब्द मोडायची छाती झाली नाही. दुसरा नर पुन्हा मिळेल याची काय खात्री होती?

दसऱ्याला पेटी उघडली. आत सगळे किडे शाबूत. नर आपल्या कागदाच्या टोकावर चिकटवला होता तसाच, मिशासुद्धा जागच्या जागी. आणि पेटीच्या कडेनं, आतून, तंबाखूची बारीक भुकटी पसरलेली. निपाणीत कसर लागू नये म्हणून आक्का लुगड्यांच्या पेटीत हीच टाकायची. मी हसत सुटलो. इतकं हलकं मला परीक्षा पास झाल्यावरही वाटलं नव्हतं.

नराचं पोट तपासलं, वर्णन पुरं केलं, नमुने त्या जाणकारांना पाठवून दिले. काही महिन्यांनी उत्तर आलं. जात नवीच होती. शिवाय त्यांनी विचारलं होतं, नमुने फार चांगले राहिलेत, पेटीत कोणतं औषध घालता?

ते पत्र घेऊन मी सर्व्हिस मोटारीनं निपाणी गाठली. आक्काला वाचून दाखवलं आणि त्या दिवशी वाट्टेल ते बोललो ते चुकलंच, असंही सांगितलं. ती सुपातले गहू निवडत होती.

"तंबाखू हाय म्हणून लिव्ह त्यास्नी," ती म्हणाली. "आणि मुंग्या हाकायला देव बी बसलावता म्हणावं."

मी उत्तरात दोन्ही लिहिलं.