बॉनेटचा उरलेला रंग

घाटनांदूरचा पॉलिशवाला गाडीला हात लावण्याआधी अंगठी आणि पट्टा काढून ठेवतो, ओरखडा नको म्हणून. बोलतो तेही गाडीकडंच बघून. परवा एका पुढाऱ्याची उन्हानं पांढुरकी पडलेली जुनी निळी जीप मिरवणुकीसाठी उजळायला आली. बॉनेट चमकलं, पण साहेबांना त्यात आपला चेहरा दिसेना.

"अजून घास बे!"

"रंग लई पातळ झालाय. आता घासलं तर पत्रा निघंल."

"मला शिकवतो?"

सोबतची माणसं पुढं सरकली. स्कूटर पॉलिशला घेऊन आलेला मी उगाच तिचा आरसा पुसू लागलो. पॉलिशवाल्यानं निळं झालेलं फडकं साहेबांपुढं धरलं.

"हा तुमच्याच गाडीचा रंग हाय. उरलेला तुमीच काढा."

साहेबांनी फडकं घेतलं नाही. "राहू दे," म्हणाले.

संध्याकाळी मिरवणुकीत बॉनेटवर झेंडूचे इतके हार होते, की रंग कुणालाच दिसला नाही.