दारापाशी थांबलेलं गाणं

उद्या ईस्टर. यांना जाऊन दोन महिने झाले. यांच्या कबरीला लावायला बादलीत कळीचा चुना भिजवला, त्याची वाफ नाकात गेली आणि आई आठवली.

असाच चुना तिने माझ्या धाकट्या भावाच्या, शमूच्या कबरीला लावला होता. सदुसष्ट-अडुसष्ट साल असेल, मी आठवीत होते. शमू तापाने गेला त्याला तीनच आठवडे झाले होते. ईस्टरच्या पहाटे आमच्या देवळाची, म्हणजे चर्चची, प्रभातफेरी ‘प्रभू उठला’ असं गात गात कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत आली आणि आमचं दुःख जाणून दारापाशी गप्प झाली. नुसती पावलं वाजत होती. आईने धाडकन दार उघडलं.

“गप का झालासा? म्हणा की! आमचा शमू बी उठणारच हाय न्हवं?”

मग तिनेच गाणं उचललं, तेही बेसूर. मला लाज वाटली, रागही आला. हिला दुःख कसं नाही? चौकट धरलेल्या तिच्या हाताच्या नखांत अजून चुना होता. ते मला दिसलं होतं, कळलं नव्हतं.

आज अंगात त्राण नाही. उद्या फेरी येईल आणि माझ्या दारापाशी गप्प होईल. कडी मी आताच काढून ठेवली आहे.