आईचं हळदीचं गाणं

रेडिओवर कुणी 'पारंपरिक गीत' म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्यातलं एक गाणं माझ्या आईनं सक्करदऱ्याच्या आमच्या स्वयंपाकघरात, कणीक मळता मळता रचलं होतं. मी तिथंच पाटावर बसून अभ्यास करत होते, म्हणून मला ठाऊक आहे.

'परसातली माझी हळद, चालली कोणाच्या अंगाला', असं ते सुरू व्हायचं. आईच्या भजनी मंडळाला ते इतकं आवडलं, की रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी तेच निवडलं. आदल्या दिवशी मंडळाच्या प्रमुख काकू घरी आल्या. "गाणं कोणाचं हे सांगा लागते म्हणतात. तुह्यं नाव देऊ काय वं?"

आईनं बाहेर ओसरीकडे पाहिलं. तिथं आजोबा बसले होते. सुनेचं नाव गावभर झालेलं त्यांना खपलं नसतं.

"नको वं बाई. जुनंच आहे म्हणून सांगजो," आई म्हणाली.

गाणं वाजलं आणि वाजतच राहिलं. लग्नसराईत तर उठता बसता तेच. इतवारीत भांडी घ्यायला गेलो तरी दुकानातल्या रेडिओवर ते लागलेलं असायचं. मग आई हातातली परात तशीच धरून गाणं संपेपर्यंत उभी राहायची. तेव्हा ती फार सुंदर दिसायची.

आजोबा गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी, धरमपेठेत बायकांसाठी स्वरचित गीतांची स्पर्धा निघाली. बक्षिसाचं आईला काही नव्हतं. एकदा तरी माइकवरून या गाण्याबरोबर आपलं नाव यावं, एवढंच तिला हवं होतं. ठेवणीतली साडी नेसून ती गेली, पहिलं कडवं म्हणाली, आणि परीक्षकांनी हात वर केला.

"बाई, हे तर आम्ही वर्षानुवर्षं रेडिओवर ऐकतोय. स्वतःचं काही असेल तर म्हणा."

मी उठून भांडले. परीक्षक हसले. "मुली, चांगलं गाणं प्रत्येकीला आपल्या आईचंच वाटतं." काकू तोवर वारल्या होत्या, मंडळ कधीच मोडलं होतं. आमच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं.

येताना सायकलरिक्षात मी रडत होते, आई नाही. "त्याहिचं काय चुकलं?" ती म्हणाली. "मीच तं जुनं म्हणून सांगतलं होतं." त्यानंतर तिनं एक ओळ रचली नाही. मला स्पर्धेपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटतं, अजूनही.

माझ्या लग्नात उष्टी हळद घेऊन आलेल्या सासरच्या बायकांनी तेच गाणं धरलं. दुसऱ्या कडव्यातले शब्दही बदलून टाकले होते. आईला गप्प बसलेली पाहून माझ्या आत्तेसासूबाई म्हणाल्या, "काहून वं इहीनबाई, तुमाले येत नाही का हे? सोपं आहे. म्हणा आमच्या मागं."

मी तोंड उघडलं. आईनं हळदीच्या हातानं माझं मनगट दाबलं, आणि त्यांचे ते चुकलेले शब्द जसेच्या तसे घेत ती त्यांच्या मागून म्हणू लागली.