शनिवारची कणीक

समुद्रकाठची मी, शेवगावात शिक्षिका म्हणून आले. दुष्काळाचं वर्ष. नदी कोरडी, विहिरी कोरड्या, बेडकालासुद्धा पाणी उरलं नव्हतं. आणि मी शहाणी दिवाळीच्या सुट्टीहून परतताना दुधाच्या दोन कॅनांत समुद्राचं पाणी भरून घेऊन आले! सोबत किनाऱ्यावरच्या खडपातले चार दगड, एका दगडाला चिकटलेलं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा उमलणारा जीव, आणि बोटाएवढे तीन मासे. एसटीच्या कंडक्टरने घोटभर पाणी मागितलं. खारं आहे म्हणून सांगितलं तर विश्वास बसेना. मग चाखलं, थुंकला आणि नगरपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची टाकी होती, तिच्यात हा संसार थाटला. समुद्रफूल उमललं की मुलं तासाला गप्प बसत. पाणी उडून जाई, मीठ मात्र खालीच राही, म्हणून रोज तांब्याभर गोडं पाणी घालावं लागे. ते मी माझ्या वाटणीच्या घागरीतून आणायचे. गावात लोक बोललेच, "माणसांना न्हाई आन् माशांना पानी!" शाळेतल्या शिपाई मावशी मात्र थेंब न सांडता ते ओतायच्या आणि माशांकडे बघत उभ्या राहायच्या.

संक्रांतीनंतर ते मेलं शेवाळ आलं. पुस्तकात नाव नीलहरित शैवाल, आणि रंग बघावा तर कुंकू कालवल्यासारखा. दगडांवर बुळबुळीत साय धरली, तिच्यात बुडबुडे. समुद्रफूल मिटून बटणाएवढं झालं. मी खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली, माशांचा खाऊ निम्मा केला, दात घासायच्या ब्रशने दगड घासले. रबरी नळीने घाण ओढून घ्यायची, पाणी फडक्यातून गाळायचं आणि परत टाकीत. बदलायला दुसरा समुद्र कुठून आणणार? शुक्रवारपर्यंत सगळं बरं दिसे. सोमवारी कुलूप काढावं, तर तळ पुन्हा लालभडक! मी मुलांना झापलं. मुख्याध्यापकांवरसुद्धा संशय घेऊन झाला.

शनिवारी शाळा सकाळची. एकदा उन्हाची छत्री विसरले म्हणून दुपारी परत आले, तर मावशी टाकीसमोर मांडी घालून बसलेल्या. डब्यात भिजवलेली कणीक. ज्वारीएवढी गोळी वळायची, ओठ हलवायचे, पाण्यात सोडायची.

माझं डोकंच फिरलं. "मावशी! हे तुमचं काम होय? दोन महिने मी इथे हाडं झिजवतेय!"

त्या उठल्या नाहीत. "रागावू नका, बाई. माजं पोरगं ऊसतोडीला गेल्तं. औंदा ऊस लवकर सरला, टोळी संक्रांतीला आली. त्यो न्हाई आला. कुनी म्हनतं ममईला गेला, कुनी कायबी म्हनतं." बोटांची कणीक डब्याच्या काठाला पुसत म्हणाल्या, "जानत्यानं सांगितलं, अकरा शनवार माशाला कनीक घाला, वाट सापडंल त्याला. आता मासा कुटं धुंडू? साऱ्या तालुक्यात तुमच्याकडंच हाय."

कपाटामागच्या भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. आठ. गहू तेव्हा औषधालाही मिळत नव्हता. ही कणीक कुठून आणता, असं विचारल्यावर त्या नुसत्या हसल्या.

मला वाईट वाटलं आणि मेली माझी जीभ तरी गप्प बसेना. सांगून टाकलं, की मासे एवढं खात नाहीत, कणीक दगडाखाली कुजते आणि त्यावर हे शेवाळ पोसतं.

मावशींनी डबा मागे ओढला. "म्हंजी म्या मारीत हुते त्यास्नी?"

"अहो, मारताय कसल्या! तिघेही ठणठणीत आहेत," मी घाईने म्हणाले. "तुम्ही सोडा. उरलेलं मी काढते."

त्या दिवसापासून त्या गोळी सोडायच्या, मासे एखादी टिपायचे, आणि बाकीच्या तळाला टेकायच्या आत मी नळीने ओढून घ्यायचे. गाळलेली कणीक शाळेमागच्या चिमण्यांना. विज्ञानाची शिक्षिका मी, पण नवव्या शनिवारी मीही मनात त्या पोराला हाक मारली. दहाव्याला तळ स्वच्छ झाला. अकराव्याला समुद्रफूल पुरतं उमललं. ज्यासाठी एवढा जीव काढला ते डोळ्यांसमोर होतं, आणि मला त्याच्याकडे बघवेना. पोरगा आला नव्हता.

बाराव्या शनिवारी शाळा सुटल्यावर मावशी दारं लावत होत्या. टाकीकडे फिरकल्याच नाहीत.

"मावशी, आज कणीक?"

"सरलं की, बाई. अकरा झालं."

"कुठले अकरा! मोजण्यात चुकलात तुम्ही."

त्या कपाटामागे गेल्या. एकेका रेघेवर बोट ठेवत मोजलं. "धा," म्हणाल्या. मग माझ्या हाताकडे बघितलं. बोटाला अजून खडूची पूड होती. मी माझ्या डब्यातला कणकेचा गोळा काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि नळी आणायला गेले. परत आले तेव्हा त्या गोळ्या वळत होत्या.